शाईतला पहिला बांबू : चिनी कुंचलाचित्र शिकताना तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

चिनी पद्धतीचे कुंचलाचित्र शिकायला घेणारे बहुतेक जण साहित्य हातात पडताच बांबू काढायला बसतात, कागदावर शाई फुटते, पानांच्या जागी डाग उमटतात आणि दोन-तीन बैठकींनंतर सगळे सामान कपाटात जाते. नवशिक्यांचे असे कागद मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांतल्या चुका जवळजवळ सारख्याच असतात. कुंचल्यात पाणी जास्त असते, कुंचला पेन्सिलीसारखा तिरपा धरलेला असतो आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून हात पुन्हा फिरवलेला असतो. आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना हे अधिक जड जाते, कारण आधी पेन्सिलीने रेखाटन, मग रंग, मग दुरुस्ती हा क्रम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. या चित्रात पेन्सिल नसते, खोडरबर नसते आणि दुरुस्तीही नसते.

म्हणून या लेखात फक्त काळ्या शाईतला बांबू घेतला आहे. खोड, गाठ, फांदी आणि पान या चार भागांसाठी कुंचल्याच्या चार वेगळ्या हालचाली लागतात, आणि त्या बसल्या की पुढे ऑर्किड, शेवंती किंवा प्लमची फांदी काढताना हात अडत नाही.

१. साहित्य

कागदाची चूक सर्वांत महाग पडते, म्हणून आधी कागद. दुकानात ‘राइस पेपर’ या नावाखाली अनेक प्रकारचे कागद विकले जातात. या चित्रांसाठी लागणारा श्वेन कागद चीनच्या आन्हुई प्रांतातल्या चिंग परगण्यात बनतो आणि त्यात तांदळाचा दाणाही नसतो. छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून तो तयार होतो. त्याचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत. कच्चा कागद, म्हणजे शंग-श्वेन, शाई ताबडतोब पितो. पक्का कागद, म्हणजे शू-श्वेन, तुरटी आणि सरस लावलेला असल्याने त्यावर शाई वरच राहते. तो बारीक रेषांच्या, थरावर थर देऊन रंगवायच्या चित्रांसाठी असतो. आपल्याला कच्चा हवा.

तपासणी: कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. काही सेकंदांत तो पसरून कागदात मुरला तर कागद कच्चा आहे. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर तो कागद या कामाचा नाही.

प्रमाण मापाचा ताव 69 × 138 सेंटिमीटरचा असतो. त्याचे चार भाग केले की साधारण 34 × 69 सेंटिमीटरचे उभे तुकडे मिळतात आणि बांबूला ते चांगले शोभतात. सरावासाठी मात्र हा कागद संपवू नये. बांबूच्या लगद्याचा पिवळसर माओ-ब्येन कागद स्वस्त असतो आणि तो मिळाला नाही तर छपाई न केलेला न्यूजप्रिंट चालतो. आपल्याकडचा जाड सुती हातकागद सुंदर असला तरी या कामाला उपयोगी नाही, कारण त्यावर रेघ मुरत नाही आणि कच्च्या कागदाची सवय हाताला लागत नाही.

कुंचले दोन पुरेत. पहिला मिश्र केसांचा मध्यम कुंचला, ज्यात आत ताठ केस आणि बाहेर बकरीचे मऊ केस असतात. हा पाणी धरतो आणि तरीही टोक सोडत नाही. दुसरा फांद्यांसाठी लहान, ताठ केसांचा. चिनी भाषेत त्याला ‘लांग-हाओ’, म्हणजे लांडग्याच्या केसांचा म्हणतात, पण केस प्रत्यक्षात विझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याचे असतात. निव्वळ बकरीच्या केसांचा कुंचला पहिल्या वर्षात घेऊ नये, कारण तो दाबल्यावर परत उभा राहत नाही आणि नवशिक्याला वाटते की दोष आपल्या हातात आहे.

याशिवाय काजळी आणि सरस यांची बनवलेली शाईची कांडी, ती उगाळायचा दगड, पांढऱ्या चिनी मातीच्या दोन बशा, पाण्याची दोन भांडी, जुन्या सुती धोतराचा किंवा पंच्याचा तुकडा आणि कागदाखाली अंथरायला फेल्ट लागतो. फेल्ट नसेल तर जुन्या लोकरी ब्लँकेटचा सपाट तुकडा चालतो. काचेवर, सनमायक्यावर किंवा वर्तमानपत्रावर कागद ठेवू नये, कारण खाली मुरलेली शाई तिथे साचते आणि उलटून कागदावरच येते.

सावधान: बाटलीतली चिनी लेखनाची शाई सरावाला चालते, परंतु वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक या कुंचल्यांना कधीही लावू नये. तिच्यात लाखेसारखा पदार्थ असतो, तो केसांच्या मुळाशी सुकला की पाण्याने सुटत नाही. माझा पहिला चांगला कुंचला मी असाच गमावला. एका संध्याकाळी तो नीट न धुता ठेवला आणि सकाळी त्याचे टोक दोन भागांत फाटले होते, ते पुन्हा जुळले नाही.

२. नवा कुंचला उघडणे

नव्या कुंचल्याचे केस खळ घातलेल्या कपड्यासारखे कडक असतात. ते बोटांनी चुरडून मोकळे करू नयेत, कारण त्यात केस तुटतात. कोमट पाण्यात कुंचला केसांपुरताच बुडवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग नळाच्या हलक्या धारेखाली मुळाकडून टोकाकडे बोटे फिरवत सगळी खळ काढावी. पाणी चिकट लागेनासे होईपर्यंत हे करावे. कढत पाण्याने केस धरून ठेवणारा डिंक सैल होतो आणि केसांचा झुबका दांड्यातून निघून येतो.

कुंचल्यावर प्लास्टिकची टोपी आली असेल तर ती आता टाकून द्यावी. ओल्या कुंचल्यावर ती पुन्हा घातली की केस आत कुजतात आणि टोक वाकते.

३. शाई उगाळणे

सहाणेवर चंदन उगाळताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. दगडावर अर्धा चमचा स्वच्छ पाणी घ्यावे, कांडी उभी धरावी आणि जोर न लावता, एकाच दिशेने, सावकाश गोल फिरवावी. जोर लावला की काजळीचे कण जाड सुटतात आणि शाई कागदावर कोरडी, भुरकट दिसते. साधारण दहा मिनिटांनी पाणी दाट होते. या वेळात घाई करू नये. हात आणि श्वास संथ होण्यासाठीही ही दहा मिनिटे कामाला येतात.

तपासणी: कांडी फिरवल्यावर तिच्या मागे दगडाचा तळ क्षणभर उघडा दिसला आणि मग शाईने हळूच झाकला गेला, तर शाई दाट झाली. सरावाच्या कागदावर तिचा ठिपका काढावा. तो सुकल्यावर राखाडी दिसला तर आणखी उगाळावी.

काम झाल्यावर कांडी पुसून बाजूला ठेवावी. ती दगडावरच राहिली तर तिच्यातला सरस दगडाला चिकटतो आणि ओढताना कांडी फुटते किंवा दगडाचा टवका उडतो. उरलेली शाई दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तिच्यातला सरस लवकर नासतो, शाईला वास येतो आणि तिचा काळेपणा जातो.

४. बसणे आणि कुंचला धरणे

टेबल कोपराच्या उंचीचे असावे आणि पाठ सरळ असावी. कुंचला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्यात उभा धरावा, अनामिका मागून टेकवावी आणि करंगळी तिला आधार द्यायला ठेवावी. तळहात आतून पोकळ राहिला पाहिजे, जणू त्यात अंडे धरले आहे. मोठ्या रेघांसाठी मनगट आणि कोपर दोन्ही टेबलापासून उचललेली असावीत. बारीक फांद्यांसाठी मनगट टेकले तरी चालते. पहिला आठवडाभर खांदा दुखतो आणि म्हणूनच लोक नकळत पेन्सिलीच्या पकडीकडे वळतात. त्या पकडीत कुंचल्याचे टोक रेघेच्या एका कडेने चालते, त्यामुळे रेघेची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी फाटकी येते. कागदावर अशी रेघ दिसली की शाईला दोष देण्याआधी पकड पाहावी.

५. कुंचल्यातले पाणी

माझ्या मते या सगळ्या शिक्षणात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच लोक गाळतात. कच्च्या कागदावर रेघेचा रंग, तिची कड आणि तिचा वेग हे तिन्ही कुंचल्यात किती पाणी आहे त्यावर ठरतात. त्यामुळे पहिले दोन आठवडे चित्र काढू नये. फक्त कुंचला भरणे आणि ठिपके देणे एवढाच सराव करावा.

भरण्याचा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा कुंचला स्वच्छ पाण्यात पूर्ण भिजवावा आणि भांड्याच्या कडेवर फिरवत पाणी निथळू द्यावे. मग त्याचे पोट, म्हणजे केसांचा मुळाजवळचा फुगीर भाग, कापडावर एकदाच टेकवावे. केस ओले राहावेत, पण कुंचला उभा धरला असता थेंब लोंबता कामा नये. त्यानंतर बशीत पाणी घालून केलेल्या फिकट शाईत केसांचा दोन-तृतीयांश भाग बुडवावा आणि बशीतच चार-पाच वेळा दोन्ही बाजूंनी फिरवावा, म्हणजे फिकट शाई आतपर्यंत जाते. सर्वांत शेवटी फक्त टोक, अर्धा सेंटिमीटर, दाट शाईला टेकवावे आणि दुसऱ्या बशीवर एक-दोनदा हलकेच दाबून दाट आणि फिकट यांचा सांधा मोडावा. आता एकाच कुंचल्यात टोकाला काळा, मध्ये राखाडी आणि मुळाशी जवळजवळ पाणी असे तीन थर आहेत, आणि कुंचला आडवा दाबून ओढला की तिन्ही एकाच रेघेत उतरतात.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी दाट शाई आणि मग पाणी, तर पाणी शाईला वर ढकलते, सगळा कुंचला एकसारखा करडा होतो आणि रेघ मेल्यासारखी सपाट दिसते. नवशिक्यांच्या दहापैकी आठ सपाट खोडांचे मूळ मला इथे सापडले आहे.

तपासणी: भरलेला कुंचला सरावाच्या कच्च्या कागदावर उभा टेकवून एक सेकंद थांबावा आणि उचलावा. ठिपक्याभोवती ओलीचे कडे उमटते. ते दोन-तीन मिलिमीटर असेल तर पाणी बेताचे आहे. बोटभर पसरले तर पोट पुन्हा कापडाला टेकवावे. कडे उमटलेच नाही आणि ठिपक्याची कड खरखरीत आली तर पाणी कमी आहे. प्रत्येक वेळी कुंचला भरल्यावर, अगदी चित्राच्या मधोमध सुद्धा, बाजूच्या तुकड्यावर हा ठिपका द्यावा.

हवामानाचाही विचार करावा लागतो. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात कागद आधीच ओल धरून असतो आणि फेब्रुवारीत बेताचे वाटणारे पाणी तिथे शाई फोडते. विदर्भातल्या मे महिन्यात उलट घडते. रेघ अर्ध्यावर येईपर्यंत कुंचला कोरडा पडतो. पावसाळ्यात कागदाची गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत, घट्ट बांधून ठेवावी आणि काम सुरू करताना लागेल तेवढाच ताव काढावा.

आणखी एक गोष्ट या टप्प्यातच शिकून घ्यावी: या कागदावर शाई सुकल्यावर फिकी पडते. ओली असताना हवी तेवढीच काळी दिसणारी रेघ सुकल्यावर करडी होते, म्हणून दाट शाई घेताना डोळ्यांना थोडी जास्त वाटेल अशीच घ्यावी.

६. खोड

कागदाची गुळगुळीत बाजू वर घ्यावी. ती बोट फिरवल्यावर कळते. खोड खालून वर काढावे. तीन थरांनी भरलेला मिश्र केसांचा कुंचला तिरपा करून कागदावर टेकवावा, क्षणभर दाबावा, एका वेगाने वर ढकलावा, पेराच्या शेवटी पुन्हा किंचित दाबून थांबावे आणि उचलावा. दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून पुढचे पेर त्याच पद्धतीने सुरू करावे. दाबामुळे पेराची दोन्ही टोके जराशी फुगतात आणि बांबूचा आकार तिथेच तयार होतो. एका खोडाची सगळी पेरे शक्यतो एकदाच भरलेल्या कुंचल्याने काढावीत. वर जाताना शाई संपत येते, रेघेत पांढरे कोरडे पट्टे राहतात आणि ते तसेच राहू द्यावेत. ते भरून काढायला गेलेला हात चित्र बिघडवतो.

जमिनीजवळची पेरे आखूड, मधली लांब आणि शेंड्याकडची पुन्हा आखूड असावीत. दोन खोडे काढायची असतील तर त्यांची जाडी आणि शाईचा गडदपणा वेगळा ठेवावा आणि दोन्हींच्या गाठी एका रेषेत येऊ देऊ नयेत, नाहीतर शिडी दिसते.

७. गाठी

खोड अर्धवट ओले असतानाच गाठी द्याव्या लागतात. फार ओले असेल तर गाठ पसरून डाग होतो आणि पूर्ण सुकले असेल तर ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. पृष्ठभागावरची चकाकी गेली, पण कागद बोटाला गार लागतो आहे, ही योग्य वेळ समजावी. लहान कुंचल्यात दाट शाई घेऊन, सोडलेल्या फटीत दोन्ही टोके किंचित वर वळलेली एक आखूड रेघ द्यावी. ती फटीच्या दोन्ही बाजूंना खोडाच्या कडांना स्पर्श करते एवढेच पाहावे.

८. फांद्या

येथे आपल्या लोकांची एक खास गफलत होते. कोकणातल्या किंवा गडचिरोलीतल्या बांबूच्या बेटाचा फोटो समोर ठेवून फांद्या काढल्या की चित्र गिचमिड होते. आपल्याकडचे बांबू बहुधा बेटाने वाढतात आणि एकेका गाठीवरून फांद्यांचा झुबका निघतो. चिनी चित्रांतला बांबू बहुतेक फायलोस्टॅकिस या प्रजातीतला असतो. त्याची खोडे एकमेकांपासून सुटी उभी असतात आणि एका गाठीला साधारण दोनच फांद्या फुटतात. शिवाय एका गाठीची फांदी उजवीकडे गेली तर पुढच्या गाठीची डावीकडे जाते. शिकताना हाच नमुना समोर ठेवावा.

फांदी गाठीपासून निघून वर, लहान कोनात जाते. ती ताठ केसांच्या कुंचल्याने, दाट शाईने आणि वेगाने काढावी. वेग कमी झाला की शाई मुरायला वेळ मिळतो आणि फांदी जाड, मऊ दिसते. फांदीलाही बारीक पेरे असतात, म्हणून मध्ये एक-दोन ठिकाणी किंचित थांबून पुन्हा निघावे. पाने येणार तिथल्या फांद्या आधीच भरगच्च करू नयेत.

९. पाने

पानासाठी कुंचला पुन्हा दाट शाईने भरावा आणि टोक बशीच्या कडेवर फिरवून एकत्र आणावे. टोक कागदाला अगदी हलके टेकवावे; तिथे देठ तयार होतो. मग पुढे सरकताना कुंचला दाबत जावा, पानाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात तो सर्वांत रुंद होऊ द्यावा आणि तिथून पुढे, हात चालूच ठेवून, हळूहळू उचलत न्यावा, म्हणजे टोक आपोआप निमुळते होते. उचलणे पान संपल्यावर नव्हे, ते चालू असतानाच सुरू झाले पाहिजे. शेवटी मनगटाचा झटका दिला की टोकाला उंदराच्या शेपटीसारखा धागा निघतो; अशी पाने दिसली तर त्या दिवशी गती अर्ध्यावर आणावी. सुरुवातीलाच जोर दिला तर पान बेडकाच्या पिल्लासारखे, डोके मोठे आणि शेपूट बारीक असे होते.

एकेकटे पान शंभरदा काढून झाल्यावर गट करावेत. चीनमध्ये शिकवताना पानांचे गट अक्षरांच्या आकारांवरून सांगतात. ‘个’ या अक्षरातल्यासारखी तीन पाने आणि ‘介’ या अक्षरातल्यासारखी चार, हे दोन गट पहिल्या सहा महिन्यांना पुरतात. मधले पान सर्वांत लांब ठेवावे आणि बाजूच्या पानांची लांबी आणि कोन कधीही सारखे ठेवू नयेत, कारण सारखे झाले की कोंबडीच्या पावलाचा ठसा दिसतो. सगळी पाने एकाच बिंदूतूनही निघू नयेत. देठांच्या सुरुवाती एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने पुढे-मागे असाव्यात.

पुढची आणि मागची पाने कोणती, हा क्रमाचा प्रश्न आहे. कच्च्या कागदावर जी रेघ आधी मुरते ती नंतरच्या रेघेला आपल्या जागेत शिरू देत नाही, त्यामुळे आधी काढलेलेच पान वर दिसते. म्हणून पुढची गडद पाने आधी काढावीत, ती सुकू द्यावीत आणि मग मागची फिकट पाने त्यांना ओलांडून न्यावीत. जलरंगाच्या सवयीने आधी फिकट आणि मग गडद असा क्रम घेतला तर मागची पाने पुढे येतात आणि काय चुकले ते कळतही नाही.

सावधान: वाईट उमटलेल्या पानावरून पुन्हा कुंचला फिरवू नये. दुसरा थर पहिल्याच्या कडेबाहेर पसरतो आणि पानाची धार जाते. त्याच्या शेजारी दुसरे, चांगले पान काढावे. गटात पहिले लपते.

१०. थांबणे आणि तपासणे

पाने भरताना प्रत्येक गटानंतर कागद भिंतीवर टेकवून चार पावले मागे जावे. टेबलावर वाकून पाहताना चित्र नेहमी रिकामे वाटते आणि हात पाने वाढवत जातो. खोडाचा काही भाग उघडा असावा, एका बाजूला मोकळी जागा असावी आणि पाने एखाद्या बाजूकडे झुकलेली असावीत. कागदाच्या मागे तारीख आणि त्या दिवशीची हवा दमट होती की कोरडी, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे, म्हणजे पाण्याचा अंदाज कुठे चुकला ते पुढे कळते.

११. आवराआवर

कुंचले थंड पाण्यात, केसांच्या मुळातून शाई निघेपर्यंत धुवावेत. टोक बाहेरून स्वच्छ दिसले तरी पोट दाबल्यावर करडे पाणी येत राहते, ते थांबेपर्यंत दाबावे. मग बोटांनी टोक जुळवून कुंचला टोक खाली करून टांगावा. भांड्यात टोक वर करून उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरते, लाकूड फुगते आणि पुढे केस सैल होतात. दगडही रोज धुवावा; जुन्या शाईचा खर नव्या शाईत मिसळला की रेघेत बारीक कण दिसतात.

१२. चित्राला अस्तर

सुकल्यावर कागद सुरकुततो. तो बिघडला असे समजून पुष्कळ जण टाकून देतात. मागून अस्तर लावले की सुरकुत्या पूर्ण जातात. चित्र दोन-तीन दिवस सुकू द्यावे, मग ओल्या पांढऱ्या कापडाने एखादे पान अगदी हलके टिपून पाहावे. कापडाला शाई लागली तर थांबावे; बाटलीतल्या काही शाया ओल लागताच सुटतात आणि त्या चित्रांना हे अस्तर झेपत नाही. शाई पक्की असेल तर चित्र पालथे घालून त्यावर पाण्याचा फवारा मारावा, मधून कडेकडे सपाट करावे, गव्हाच्या सत्त्वाची दुधासारखी पातळ खळ रुंद ब्रशने लावावी आणि चित्रापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठा दुसरा श्वेन कागद वर बसवावा. कडेच्या मोकळ्या पट्टीला थोडी दाट खळ लावून चित्र दर्शनी बाजूने वर येईल असे गुळगुळीत लाकडी फळीवर चिकटवावे. एका कडेत कागदाची लहान चिठ्ठी घालून ठेवावी, म्हणजे पूर्ण सुकल्यावर त्या फटीतून पट्टी घालून चित्र सोडवता येते. पंखा लावून किंवा उन्हात ठेवून सुकवण्याची घाई केली तर कागद ताणला जाऊन मधोमध फाटतो.